पहिला मान हेरणाऱ्याला द्या : लिब्रेऑफिसच्या मराठी स्वयंसेवकांना खुले पत्र

लिब्रेऑफिसचं मराठी सांभाळणाऱ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका धानाच्या गावातून हे पत्र लिहितोय. गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. रात्री शटर पाडलं की तासभर मी वेब्लेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर बसतो आणि लिब्रेऑफिस या फुकट आणि खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरचं तुमच्यासोबत मराठी भाषांतर करतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं नाव मला पाठ आहे, तोंड मात्र एकाचंही पाहिलेलं नाही. तरी घरच्या माणसांना सांगावं तसं एक मागणं सांगतो.

आपल्या मराठी गटाने दरवर्षी पुरस्कार द्यायला सुरुवात करावी. आणि त्यातला पहिला मान कोड लिहिणाऱ्याला नको, माझ्यासारख्या भाषांतर करणाऱ्यालाही नको, चूक हेरणाऱ्याला द्यावा.

हे मनात का आलं ते सांगतो. आमच्याकडे धान खरेदीच्या दिवसांत सोसायटीत शेतकऱ्यांची नोंदणी चालते. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक घेऊन माणसं सकाळपासून रांगेत असतात. जवळच्याच एका सोसायटीत एक ताई संगणकावर बसायची. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण मी तिला अजून विचारलेलं नाही. संगणक जुना, त्यावर लिब्रेऑफिस मीच टाकून दिलेलं. एका दुपारी तिचा फोन आला, "काहून जी, वऱ्हाडे आडनावाची माणसं यादीत हायेत, डोळ्यानं दिसून रायले, अन् शोधलं तं सापडून नाही रायले?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. स्पेलिंग बघा, मागेपुढे स्पेस राहिली असेल. ती म्हणाली, तसं काही नाही. मी म्हटलं, संध्याकाळी येतो.

गेलो तेव्हा तिने निम्मं काम करून ठेवलं होतं. यादी कागदावर छापून तिने वऱ्हाडे बोटाने मोजले होते, आणि संगणकाने दिलेला आकडा त्याहून कमी भरत होता. मग तिने सापडणारं एक नाव आणि न सापडणारं एक नाव कोऱ्या कागदावर एकाखाली एक घेतलं, अक्षर मोठं केलं आणि मागून एकेक खोडत गेली. मला तिने ते पुन्हा करून दाखवलं. आधी मात्रा गेली, मग ड, मग काना, मग ह. दोन्हीकडे 'व'च्या पुढे तो मराठीचा आडवा अर्धा र उरला. अगदी जुळ्या भावांसारखे दोन. मग तिने दोन्हीकडे एकेकदा बॅकस्पेस दाबलं. "आता पाहा जी. एका 'र'च्या खाली टिंब येऊन रायलं, अन् दुसऱ्याचा पाय मोडून रायला."

मला दोन मिनिटं काही बोलता आलं नाही. इतकी वर्षं मी मराठी टाइप करतो, भाषांतर करतो, आणि हे माझ्या डोळ्यांसमोरून रोज गेलं होतं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वऱ्हाड, पऱ्हे, शेतकऱ्याला, सातबाऱ्यावर या शब्दांतला र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या ठरलेल्या पद्धतीत, दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट म्हणजे टिंबवाला ऱ घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून J दाबलं की हा ऱ मिळतो. दुसरी वाट म्हणजे साधा र घ्यायचा, पाय मोडायचा आणि मागे एक न दिसणारं चिन्ह ठेवायचं, झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. शोधायला गेलं तर एक सापडतो, दुसरा नाही. मोजणी चुकते. दोन याद्या नावावरून जोडायला गेलं तर जुळत नाहीत. त्या सोसायटीत यादी दोघांनी दोन वेगवेगळ्या कीबोर्डवरून भरली होती, एवढंच कारण. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता आणि त्या दोघांचाही नव्हता. ('ॲ'ची गतही तीच आहे. तो एकसंध 'ॲ' युनिकोडमध्ये 2008 साली आला. त्याआधीच्या फायलींत लोकांनी 'अ' आणि वरचा चंद्र जोडून काम भागवलंय, आणि आजही कितीतरी जण तसंच लिहितात.)

पण त्या एवढ्याशा कारणापायी एक म्हातारे शेतकरी दोन दिवस परत गेले होते. यादीत नाव नाही म्हणून. नाव होतं. सोसायटीच्या बाहेर चिंचेखाली ते हातात सातबारा धरून बसलेले मी स्वतः पाहिलेत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण पुढचं सगळं मी केलं. एका वाटेने लिहिलेला र दुसऱ्या वाटेवर आणायची शोधा-आणि-बदलाची रीत लिहिली, इंग्रजीत टिपण केलं, गटाकडे पाठवलं. तुम्ही कौतुकाचे चार शब्द लिहिलेत, ते मी वाचून जपून ठेवले. त्या टिपणावर नाव माझं आहे. ताईला इंग्रजी लिहिता येत नाही, आपला बगझिला (चुका नोंदवायचं संकेतस्थळ) इंग्रजीत चालतो, म्हणून तिने हेरलेली गोष्ट माझ्या खात्यावर जमा झाली. त्या दिवसापासून ही गोष्ट मला टोचते आहे, आणि हे पत्र त्यातूनच आलंय.

आमच्या भागात हेरणं म्हणजे काय हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. इथून जवळच नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडेंना 1983 साली आपल्या बांधीत, पटेल-3 जातीच्या धानात, तीन लोंबी वेगळ्या दिसल्या. रंगाने पिवळसर. शेजारच्या शेकडो लोंबींत त्या मिसळून गेल्या असत्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. त्यातून जो बारीक तांदूळ उभा राहिला त्याला त्या काळी सगळ्यांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव मिळालं, एचएमटी. आज दूरदूरच्या दुकानांत एचएमटी तांदूळ मागतात, आणि मागणाऱ्याला नांदेड गाव माहीत नसतं. दादाजींचं शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. बियाणं त्यांनी कोंडून ठेवलं नाही, मागेल त्याला दिलं. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार राष्ट्रपती कलाम यांच्या हातून त्यांना 2005 साली मिळाला. लोंबी दिसल्या त्याला तोवर बावीस वर्षं होऊन गेली होती. 2018 मध्ये दादाजी गेले.

आपण करतो तेही बियाण्यासारखंच आहे. मागेल त्याला द्यायचं, त्याने पेरायचं, सुधारायचं, पुढे द्यायचं. 28 सप्टेंबर 2010 ला ओपनऑफिस या आधीच्या ऑफिस सॉफ्टवेअरपासून वेगळं होऊन लिब्रेऑफिसची घोषणा झाली ती याच विश्वासावर. मग ज्याने वेगळी लोंबी पाहिली त्याला बावीस वर्षं कशाला थांबवायचं?

आणि ही गावाकडचीच गोष्ट आहे असं समजू नका. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या माणसाला दिसलं की त्याच्या मशीनवर दुरून लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद. दुसरा कोणी असता तर चहाचा घोट घेऊन पुढे गेला असता. तो मागे लागला आणि एक्सझेड नावाच्या छोट्याशा कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी शिताफीने पेरलेला चोरदरवाजा त्याला सापडला. तो सापडला नसता तर जगभरच्या लिनक्स सर्व्हरांत शिरला असता. ते सॉफ्टवेअर कित्येक वर्षं एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, थकला होता, आणि त्याच्या थकव्याचाच फायदा घेतला गेला. त्या माणसाला वेळेवर कोणी शाबासकी दिली असती, बाजूला चार हात उभे केले असते, तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुरस्कार म्हटलं की काही जण नाक मुरडतील हे मला माहीत आहे. सेवा निरपेक्ष असावी, पुरस्कार आला की हेवेदावे आले, असं ते म्हणतील. ही भीती मी हलकी समजत नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या गाडगेबाबांच्या नावाने 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा मी गावोगाव काय घडलं ते पाहिलंय. बक्षिसासाठी का होईना, अख्खं गाव झाडू घेऊन बाहेर पडलं. ज्यांनी कधी एकमेकांच्या अंगणात पाय टाकला नव्हता त्यांनी मिळून नाल्या उपसल्या. तपासणीची समिती येऊन गेली आणि काही गावांत पुन्हा उकिरडे उभे राहिले, हेही पाहिलंय. पण जिथे एखाद्या म्हातारीने, एखाद्या शिक्षकाने रोजचा झाडू सोडला नाही आणि गावाने त्या माणसाचं नाव घेतलं, तिथे काम टिकलं. गावाला मिळालेली ढाल धूळ खात पडते, माणसाचं घेतलेलं नाव पडत नाही. म्हणून पुरस्कार माणसाला द्यावा, आणि त्याने नेमकं काय केलं ते सांगून द्यावा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. मोजणी. किती स्ट्रिंग (भाषांतराच्या ओळी) भाषांतरित केल्या, किती कमिट (कोडमधले बदल) केले, किती बग (चुका) नोंदवले, यावर पुरस्कार ठेवला की आपलं मराठी बुडालंच समजा. 2020 च्या ऑक्टोबरात काय झालं ते तुमच्यातल्या अनेकांनी भोगलंय. हॅक्टोबरफेस्ट या खुल्या सॉफ्टवेअरच्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदल सुचवायच्या चार विनंत्यांवर, टी-शर्ट मिळायचा, तर टी-शर्टासाठी लोकांनी कुठल्याही प्रकल्पाच्या माहितीपत्रात एखादा शब्द घालून रिक्वेस्टींचा पाऊस पाडला. सांभाळणारे वैतागले. शेवटी आयोजकांना मध्येच नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून हो म्हणतील तेवढेच धरायचे असं करावं लागलं. आपल्याकडे मोजणी ठेवली तर कोणीही मशीनकडून हजार ओळींचं भाषांतर करून रात्रीत ओतेल, आणि ते निस्तरायला आपल्यातलेच दोघं-तिघं वर्षभर बसतील.

जे आधीपासून असं करत आले आहेत त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. लिनक्ससाठी डेस्कटॉप बनवणारे केडीईवाले 2005 पासून आपल्या वार्षिक संमेलनात अकादमी पुरस्कार देतात. त्यात एक पुरस्कार उत्तम ॲप्लिकेशनचा, आणि एक मुद्दाम ॲप्लिकेशनबाहेरच्या कामाचा असतो. त्यांची मला सर्वांत आवडलेली रीत म्हणजे यंदा ज्यांना मिळाला तेच पुढच्या वर्षीचे मानकरी निवडतात. म्हणजे कायमची समिती नाही, खुर्ची नाही, आणि ज्याला मान मिळाला त्याच्यावर लगेच दुसऱ्याला शोधण्याची जबाबदारी. आपणही हेच करावं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन 1998 पासून मोठमोठ्या कामांना पुरस्कार देत आलंय, पण 2019 साठी त्यांनी नव्या योगदात्याचा पुरस्कार पहिल्यांदा सुरू केला, आणि तो दिला क्लारिसा लिमा बोर्जेस या ब्राझीलच्या विद्यार्थिनीला. तिचं काम होतं ग्नोम या लिनक्सवरच्या दुसऱ्या डेस्कटॉपची ॲप्लिकेशन्स साध्या माणसांच्या हातात देऊन ती कुठे अडखळतात ते पाहण्याचं. अडखळणं पाहणं. आमच्या सोसायटीतल्या ताईने दुसरं काय केलं?

आपल्या लिब्रेऑफिसमध्येही 'मन्थ ऑफ लिब्रेऑफिस'च्या महिन्यांत बग तपासणाऱ्याला, प्रश्नांची उत्तरं देणाऱ्याला स्टिकर मिळतात, ते चांगलंच आहे. पण तिथवर पोचायला इंग्रजी लागतं, खातं लागतं, आणि मुळात असं काही असतं हे माहीत असावं लागतं.

म्हणून नामांकन तोंडी चालू द्या. फोनवर, व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपातून, वऱ्हाडीत, झाडीबोलीत, कोरकूत, गोंडीत, जशी ज्याची बोली असेल तशी. आपल्यातल्या एकाने तो निरोप ऐकून चार ओळींत उतरवून घ्यावा, आणि उतरवणाऱ्याचं नाव खाली छोट्या अक्षरात यावं. बगझिलावरही आजपासून एवढा नियम करू या की दुसऱ्याने सांगितलेली चूक नोंदवली तर पहिल्या ओळीत सांगणाऱ्याचं नाव, त्याची किंवा तिची हरकत नसेल तर. याला पैसे लागत नाहीत, पुरस्काराची वाटही बघावी लागत नाही.

वेळ कोणती, याचाही विचार केलाय. आषाढ-श्रावणात इकडे रोवणी असते, पऱ्हे उपटून चिखलात लावायची घाई असते. दिवाळीच्या आसपास कापणी, मग चुरणा, मग खरेदी केंद्राच्या रांगा. मधे पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत माणसाला थोडी उसंत असते, तेव्हा नामांकनं मागवावीत. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, नावं जाहीर करावीत. त्या दिवशी भाषेवर भाषणं खूप होतात. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. त्याच भाषेत 'शेतकऱ्यांची' हा शब्द शोधला की पहिल्या झटक्यात सापडला पाहिजे, आणि तो सापडावा म्हणून ज्याने डोळे ताणले त्याचं नाव त्या दिवशी घेतलं गेलं पाहिजे.

द्यायचं काय? मोठी रक्कम नको. आपल्याकडे ती नाही, आणि कुण्या कंपनीचं नाव पुरस्काराला जोडून ती आणावी असं मला वाटत नाही. एक कागद द्यावा. चांगल्या जाड कागदावर, मराठीत, त्या माणसाने काय हेरलं, त्यामुळे काय दुरुस्त झालं, कोणाला त्याचा उपयोग झाला, हे पाच-सात ओळींत. 'उल्लेखनीय योगदानाबद्दल' असले शब्द नकोत. खेड्यात कागदाची किंमत काय असते हे शहरातल्या मित्रांना कदाचित लक्षात येणार नाही. कंत्राटी ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज करताना त्या ताईजवळ टायपिंगचं आणि एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे, बाकी काही नाही. तेच दोन कागद तालुक्यातल्या शंभर मुलींजवळ आहेत. तिसरा कागद तिच्या डोक्याबद्दल बोलणारा असेल. त्यासोबत येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी रोख द्यावी, आणि हे न मागता द्यावं. आमच्याकडची माणसं मागत नाहीत, येत नाहीत फक्त.

शक्य असेल तर कागद द्यायला आपणच त्या माणसाच्या गावी जावं. पुण्यातल्या सभागृहात शाल-श्रीफळ होईल, फोटो निघेल, पण तिच्या सोसायटीत, तिच्या सचिवासमोर, रांगेतल्या शेतकऱ्यांसमोर तो कागद वाचून दाखवला तर दुसऱ्या दिवशी रांगेतलं कोणीतरी म्हणेल, माझ्याही सातबाऱ्यात अशीच एक भानगड आहे, पाहा बरं. आपल्याला पुढची चूक तिथे मिळेल.

बाकी नियम तुम्ही ठरवा. किती पुरस्कार, कोण पात्र, नको म्हणणाऱ्याचं काय करायचं, यावर मी वाद घालणार नाही. पहिल्या वर्षी एकच असला तरी चालेल.

पोळा झाला की मी त्या ताईकडे जाणार आहे. आता ती त्या सोसायटीत नाही, मुदत संपली तिची. घरची धानाची बांधी बघते आणि गावातल्या मुलींना टायपिंग शिकवते. तिची हरकत नसेल तर पहिलं नामांकन तिच्या नावाचं, माझ्या आवाजात तुमच्याकडे येईल. आणि ते जुनं टिपण आहे ना, त्यावरचं माझं नाव खाली घेऊन वर तिचं घालायचं आहे. ते कसं करायचं, तेवढं मला कळवा.

आपला,
ब्रह्मपुरी तालुक्यातला एक भाषांतरकार